मिश्रण की भेसळ? : फ्रान्समधील संमिश्र लाल वाइनचे स्वरूप आणि आकर्षण

प्रस्तावना

'मिश्रण' हा शब्द मराठीत तसा निरुपद्रवी आहे. मात्र तो पेयाच्या संदर्भात उच्चारला की 'भेसळ' हा त्याचा बदनाम सोयरा पाठोपाठ येतोच. दूध, मध, तेल यांबाबतचा आपला अनुभवच तसा आहे. जे एकजिनसी ते शुद्ध आणि ज्यात दुसरे काही मिसळले ते हलके, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे फ्रान्समधील अत्यंत नावाजलेल्या आणि महागड्या लाल वाइनपैकी पुष्कळशा एकाहून अधिक जातींच्या द्राक्षांपासून बनवलेल्या, म्हणजेच संमिश्र असतात, असे सांगितले की ऐकणाऱ्याला नवल वाटते. द्राक्षाच्या जातींविषयी वर्गात बोलताना प्रस्तुत लेखकाला विद्यार्थ्यांनी, आणि क्वचित सहकाऱ्यांनीही, विचारलेला प्रश्न ठरलेला आहे : मग ही भेसळ नव्हे काय?

हा प्रश्न भाबडा नाही. खुद्द फ्रान्सला त्याने दीर्घकाळ छळले आहे. त्याचे उत्तर शोधताना त्या देशात कायदे झाले, लाखोंचे मोर्चे निघाले आणि प्रसंगी गोळीबारही झाला. फ्रेंच भाषेत या कृतीला 'असांब्लाज' म्हणतात. त्याचा अर्थ एकत्र आणणे, जुळवणी करणे असा होतो. 'सभा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी त्याचे नाते आहे. जुळवणी आणि भेसळ यांतील सीमारेषा कोणी, कशी व कशासाठी आखली, आणि त्या रेषेच्या आत राहून संमिश्र वाइनला जे व्यक्तिमत्त्व लाभते त्याचे आकर्षण कशात आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही, हे स्वतंत्रपणे सांगण्याची खरे तर गरज नसावी. तरीही आपल्याकडील रिवाजानुसार ते नोंदवून ठेवतो.

एक जात पुरेशी का नाही?

संमिश्र लाल वाइनचे सर्वांत प्रसिद्ध माहेर म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधील बोर्दो. गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांचा संगम होऊन तयार होणारी जिरोंदची रुंद खाडी या प्रदेशाचे दोन भाग करते. डाव्या तीरावरील मेदोक हा भाग एके काळी बराचसा दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी तेथील पाण्याचा निचरा केल्यावर गोट्यांचे आणि जाड वाळूचे उंचवटे लागवडीस मोकळे झाले. ही जमीन पाणी धरत नाही, परंतु उष्णता धरते. उजव्या तीरावर, सँतेमिलियों आणि पोमेरोल या भागांत, चिकणमाती व चुनखडी अधिक. ती जमीन थंड आणि ओल धरून ठेवणारी.

या दोन जमिनींना दोन निराळ्या जाती मानवतात. कॅबर्ने सोव्हिन्यों या जातीचा मणी लहान, साल जाड, बिया गराच्या मानाने मोठ्या. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा रसातून नव्हे, तर मुख्यतः सालीतून व बियांतून येतो. म्हणून या जातीची वाइन गडद, तुरट आणि दीर्घायुषी होते. परंतु ती उशिरा पिकते. हवामान थंड राहिले तर मेथॉक्सिपायराझिन या द्रव्याचे प्रमाण पुरेसे घटत नाही आणि वाइनला चक्क ढोबळी मिरचीचा वास येतो. याउलट मर्लो ही जात आठवडा-दोन आठवडे आधी पिकते. तिचा मणी मोठा, साल पातळ, साखर अधिक. वाइन मऊ आणि भरीव. तिला चिकणमातीची थंडाई चालते. मात्र ती लवकर फुलते, त्यामुळे वसंतातील दहिवर किंवा फुलोऱ्याच्या वेळचा गार पाऊस नेमका तिलाच गाठतो. मणी धरत नाहीत आणि गळ होते. ही व्यथा आपल्याकडील कोणत्याही द्राक्षबागायतदाराला समजावून सांगावी लागणार नाही.

एका जातीचे संकट दुसरीचे संकट नसते, हे येथील खरे मर्म आहे. १९६४ साली बोर्दोत हंगाम उत्तम चालला होता. मर्लोची तोडणी आटोपली आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने जी झोड घेतली, तीत मेदोकमधील वेलींवर असलेली पुष्कळशी कॅबर्ने सापडली. त्या वर्षी उजवा तीर तरला. वीस वर्षांनी, १९८४ साली, उलट घडले. फुलोऱ्यातील गळीमुळे मर्लोचे पीक जवळजवळ बुडाले आणि जी काही वाइन झाली तिला कॅबर्नेने सावरले. ज्याच्या बागेत दोन्ही जाती होत्या तो कोणत्याही वर्षी पूर्णतः नागवला गेला नाही. जुळवणीची कला जन्माला आली ती आधी या शेतकरी शहाणपणातून. चवीचे तत्त्वज्ञान मागाहून आले. वाइनवरील रसिक लेखनात हा क्रम बहुधा उलटा सांगितला जातो, म्हणून हे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

तिसरी जात कॅबर्ने फ्रां. ती सुगंधी, मध्यम अंगाची. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील संशोधकांनी जनुकीय चाचण्यांनी दाखवून दिले की, कॅबर्ने सोव्हिन्यों ही या कॅबर्ने फ्रांची आणि सोव्हिन्यों ब्लां या चक्क पांढऱ्या द्राक्षाची संतती आहे. पुढे मर्लोच्या जन्मदात्यांपैकी एक कॅबर्ने फ्रांच असल्याचे सिद्ध झाले. म्हणजे बोर्दोच्या पिंपात ज्यांची जुळवणी होते त्या एका अर्थी सावत्र बहिणी आणि त्यांचे पालक आहेत. यांखेरीज प्ती व्हर्दो, माल्बेक आणि कार्मेनेर या जातींनाही नियमांत जागा आहे.

असे असले तरी मिश्रण हाच उत्कृष्टतेचा एकमेव मार्ग होय, असे मात्र नाही. बरगंडीत लाल वाइन म्हणजे प्रामुख्याने पिनो नुआर. १३९५ साली तेथील ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणाऱ्या गामे या जातीविरुद्ध फर्मानच काढले होते. बोर्दोतही पोमेरोलमधील पेत्र्यूस ही वाइन जवळजवळ संपूर्णपणे मर्लोची असते. एका जातीला वाहून घेणे आणि अनेक जातींची मोट बांधणे या दोन्ही वृत्ती फ्रान्समध्ये शेजारी-शेजारी नांदतात. बागायतदार जेथे नशिबावर सर्वस्व लावू शकतो तेथे पहिली, आणि जेथे तसे करणे परवडत नाही तेथे दुसरी रुजली, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

जुळवणीचे टेबल

प्रत्यक्ष जुळवणी बागेत होत नाही, ती हिवाळ्यात टेबलावर होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. चांगल्या बागेत प्रत्येक जात, आणि एका जातीतही जुनी वेल, तरुण वेल, उंचवट्याचा तुकडा, उताराचा तुकडा, असा प्रत्येक वाटा वेगळ्या टाकीत आंबवतात. आंबवण संपल्यावर उरलेल्या सालींचा चोथा दाबून जी अधिक तुरट वाइन मिळते तीही वेगळी ठेवतात. नववर्षानंतर या वीस-तीस, कधी त्याहून अधिक, वाट्यांचे नमुने मांडले जातात. मोजपात्राने प्रमाणे ठरवून मिसळायचे, चाखायचे, थुंकायचे, टिपण करायचे आणि पुन्हा नवे प्रमाण घ्यायचे, असे दिवसचे दिवस चालते. त्यानंतर ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत वाइन मुरते आणि साधारण दीड वर्षाने बाटलीत जाते. काही घरे जुळवणी लवकर करतात म्हणजे सर्व घटक एकत्र मुरतात. काही ती पिंपातील मुक्कामानंतर करतात. दोन्ही बाजूंना आपापले समर्थक आहेत.

या टेबलावरील सर्वांत कठीण निर्णय कशात काय मिसळावे हा नसून, काय वगळावे हा असतो. बोर्दो विद्यापीठातील प्राध्यापक एमिल पेनो (१९१२-२००४) यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक बागांना सल्ला देताना याच निवडीवर भर दिला. वगळलेल्या वाट्यांपासून 'दुसरी वाइन' तयार करतात. शातो लातूरची 'ले फोर द लातूर' किंवा शातो मार्गोची 'पाव्हियों रूज' या अशा दुसऱ्या वाइन होत. अग्रगण्य बागांमध्ये मुख्य वाइनच्या वाट्याला निम्म्याहूनही कमी उत्पादन येते. स्वतःच्या पिकाचा एवढा मोठा भाग स्वतःच्या हाताने खालच्या पंगतीला बसवणे, ही आर्थिकदृष्ट्या साधी गोष्ट नव्हे.

येथे बेरजेचे गणित चालत नाही. दोन चांगल्या वाइन एकत्र करून मिळणारी वाइन दोन्हींहून सामान्य निघू शकते. उलट, जी प्ती व्हर्दो एकटी चाखली तर तोंड आवळून टाकते, ती तीन-चार टक्के पडली की साऱ्या वाइनचा रंग आणि सुगंध उजळतो. गोड्या मसाल्यातील दगडफुलाची आठवण येथे होते. ते नुसते चाखून कळत नाही, पण घालायचे राहिले तर आमटी खाणाऱ्याला कळते. कॅबर्नेविषयी तर असे म्हणतात की, तिचा घोट आरंभी आणि अखेरीस भक्कम असतो, मध्ये मात्र पोकळी जाणवते. ती मर्लो भरून काढते.

संमिश्र वाइनच्या आकर्षणाचे स्पष्टीकरण मला यात दिसते. तिच्यात कोणताही एक घटक वेगळा काढून दाखवता येऊ नये, अशी अपेक्षा असते. शिवाय घटक वेगवेगळ्या गतीने वार्धक्याकडे जातात. मर्लोचा मऊपणा पहिल्या वर्षांत पुढे असतो, कॅबर्नेचा तुरटपणा दहा-पंधरा वर्षांत हळूहळू निवळतो आणि तेव्हा पाठीमागचे सुगंध पुढे येतात. एकच बाटली पाचव्या आणि पंधराव्या वर्षी निराळी बोलते, ती यामुळे. रासायनिक भाषेत सांगायचे तर, सालीतील अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आणि टॅनिन यांची काळाच्या ओघात साखळ्यांमध्ये बांधणी होते. रंग स्थिरावतो आणि तुरटपणाची धार कमी होते.

दक्षिणेची रीत

बोर्दोची जुळवणी थंडी-पावसाविरुद्धची असेल, तर आग्नेय फ्रान्समधील रोन नदीच्या दक्षिण खोऱ्यातील जुळवणी उन्हाविरुद्धची आहे. तेथील प्रमुख जात ग्रनाश. ती उन्हात साखरेने ओथंबते, परंतु तिला रंग कमी, तुरटपणा कमी, आणि तिची वाइन हवेतील प्राणवायूने लवकर उतरते. मूर्व्हेद्र ही नेमकी उलट स्वभावाची : काळसर, तुरट आणि प्राणवायूला दाद न देणारी. या दोघींच्या जोडीला सिरा येते. तिच्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो तो निव्वळ कविकल्पना नव्हे. रोटंडोन नावाचे जे द्रव्य मिरीत आहे तेच या द्राक्षातही असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले.

याच खोऱ्याच्या उत्तर टोकाला कोत-रोती येथे सिराच्या लाल वाइनमध्ये व्हियोनिए हे पांढरे द्राक्ष वीस टक्क्यांपर्यंत घालण्याची मुभा आहे, आणि तेही सोबतच आंबवण्याची अट पाळून. पांढरे घातले की लाल फिके पडेल असे कोणीही म्हणेल; प्रत्यक्षात पांढऱ्या सालीतील काही रंगहीन द्रव्ये लाल रंगद्रव्यांशी जोडी करून त्यांना टिकवतात, त्यामुळे माफक प्रमाणात घातलेल्या व्हियोनिएने रंग अधिक खुलू शकतो. शेतकऱ्यांनी ही रीत रसायनशास्त्राच्या आधी शोधली, एवढेच म्हणावयाचे.

दक्षिण रोनचे मुकुटमणी गाव शातोनफ-द्यु-पाप. चौदाव्या शतकात पोपचे पीठ आव्हिन्यों येथे असताना त्यांचा उन्हाळी वाडा येथे उभा राहिला, त्यावरून हे नाव पडले. या गावाच्या वाइनसाठी १९३६च्या नियमांनी तेरा जातींना मान्यता दिली. त्यांत पांढऱ्या जातीही आहेत. शातो द बोकास्तेल ही बाग या तेराही जाती लावते; शातो रायास मात्र जवळजवळ केवळ ग्रनाशवर उभी आहे. दोन्ही एकाच गावच्या, एकाच नियमाखालच्या आणि दोन्ही विख्यात. नियम येथे पाककृती सांगत नाहीत, फक्त अंगणाची कुंपणे सांगतात.

कुंपण कसे आले?

हे कुंपण सहजासहजी आलेले नाही. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी इंग्रज गिऱ्हाइकाच्या आवडीसाठी आपल्या वाइनमध्ये रोनमधील एर्मिताजची दणकट सिरा वाइन बिनदिक्कत घालीत. त्यात त्यांना काही वावगे वाटत नसे. उलट अशा 'एर्मिताजे' वाइनला दरही बरा मिळे. आज बोर्दोचे नाव लावायचे असेल तर हे निषिद्ध आहे. आपल्याकडे नाशिक परिसरातील वाइनच्या लेबलांवर 'कॅबर्ने-शिराझ' अशी जोडी सर्रास दिसते. शिराझ म्हणजेच सिरा. जी जुळवणी बोर्दोत नावाला मुकवते ती दिंडोरीत पूर्णतः सरळ आहे, कारण तेथे ती उघड छापलेली असते. भेसळ पदार्थात असते की न सांगण्यात, या प्रश्नाचे उत्तर या उदाहरणात बरेचसे येऊन जाते.

व्यापाऱ्यांच्या या लहरीवर पुढे खरे संकट कोसळले. १८५०च्या सुमारास भुरी, १८६०च्या दशकापासून मुळे कुरतडणारा फायलोक्सेरा कीटक आणि १८७८च्या सुमारास केवडा, असे तीन तडाखे फ्रेंच द्राक्षबागांना बसले. वाइनचा तुटवडा झाला आणि तो बेदाणे भिजवून, साखरेचे पाणी आंबवून, रंग घालून भरून काढण्यात आला. वाइन म्हणजे ताज्या द्राक्षांच्या आंबवणीतून झालेले पेय, एवढे साधे वाक्य १८८९ साली कायद्यात लिहावे लागले. १९०५ मध्ये फसवणूकविरोधी कायदा झाला, पण अंमल ढिला होता. दक्षिणेकडील लांगदोकमध्ये भाव कोसळले. कृत्रिम वाइनमुळे आपण भिकेला लागलो, ही तेथील शेतकऱ्यांची धारणा होती. त्यांचे स्वतःचे अतिउत्पादनही तितकेच कारणीभूत होते, हे इतिहासकार नमूद करतात. मार्सलां आल्बेर या छोट्या बागायतदाराच्या मागे माणसे लोटली. ९ जून १९०७ रोजी माँपेलिए येथे लाखोंची सभा झाली. त्याच महिन्यात नार्बोन येथे सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली आणि सतराव्या पायदळ पलटणीतील शिपायांनी, जे त्याच भागातील शेतकऱ्यांचे पुत्र होते, बंड केले. महिनाअखेरीस सरकारने साखरेच्या वापरावर आणि उत्पादनाच्या नोंदींवर नवे निर्बंध घातले.

शातोनफमध्ये मार्ग निराळा निघाला. पहिल्या महायुद्धात वैमानिक असलेले कायदेतज्ज्ञ बॅरन पिएर ल रुआ यांनी १९२३ साली गावकऱ्यांना एकत्र करून स्वतःवरच बंधने घालून घेतली. लव्हेंडर आणि थाइम उगवतील इतक्या कोरड्या जमिनीतच लागवड, ठरावीक जाती, किमान १२.५ टक्के मद्यार्क, रोगट घड काढून टाकणे, ही त्यांपैकी काही होत. १९३५ मध्ये जी राष्ट्रीय नामनियंत्रण व्यवस्था स्थापन झाली तिच्या शिल्पकारांमध्ये सेनेटर जोझेफ काप्यु यांच्याबरोबर ल रुआही होते. (याच गावाने १९५४ साली उडत्या तबकड्यांना आपल्या हद्दीत उतरण्यास बंदी करणारा ठराव काढला. नियमांची हौस लागली की ती कोठवर जाते, याचे हे उदाहरण.)

व्यवस्थेने फसवणूक संपली असे नाही. १९७३-७४ मध्ये बोर्दोच्या व्यापारी वर्तुळात दक्षिणेची स्वस्त वाइन बोर्दोच्या कागदपत्रांवर विकल्याचे मोठे प्रकरण न्यायालयात गेले. चाखणाऱ्यांच्या ते लक्षात आले नव्हते. कागद तपासणाऱ्यांच्या आले. जिभेवर विसंबणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये.

परंपरेचे वय

संमिश्र वाइनच्या आकर्षणात 'शतकांची पाककृती' या कल्पनेचा वाटा मोठा आहे. ती कल्पना पुराव्याला फारशी टिकत नाही. फायलोक्सेरापूर्वीच्या बोर्दोत माल्बेकचे महत्त्व आजच्यापेक्षा पुष्कळच अधिक होते. कार्मेनेर तर पुनर्लागवडीत जवळजवळ नाहीशी झाली. तिकडे चिलीत ती मर्लो समजून लावली जात होती. १९९४ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ झां-मिशेल बुर्सिको यांनी तिला ओळखले. फेब्रुवारी १९५६च्या भयंकर गोठणीत बोर्दोच्या वेली मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि त्यांच्या जागी बव्हंशी मर्लो आली. आज तेथील लाल जातींच्या क्षेत्रापैकी सुमारे दोन-तृतीयांश मर्लोचे आहे, ते यानंतरच्या घडामोडींमुळे.

आता नेमकी तीच मर्लो अडचणीत आहे. उन्हाळे तापू लागल्याने ती फार लवकर पिकते, साखर वाढते, आम्लता घटते, आणि ज्या वाइन १९८०च्या आसपास साडेबारा टक्के मद्यार्काच्या असत त्या चौदाच्या पुढे जातात. पूर्वी जी कॅबर्ने पिकेल की नाही याची धास्ती असे तीच आता तारक ठरू लागली आहे. त्यातच मागणीही घटली; बोर्दोतील सुमारे साडेनऊ हजार हेक्टर बागा अनुदान देऊन उपटण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली.

या पार्श्वभूमीवर बोर्दोच्या उत्पादकांनी २०१९ मध्ये ठरवले आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संस्थेने संमती दिली त्यानुसार चार नव्या लाल जातींना प्रवेश मिळाला : पोर्तुगालची तूरिगा नासिओनाल, विस्मृतीत गेलेली जुनी कास्ते, आणि फ्रेंच संशोधकांनी संकरातून सिद्ध केलेल्या आरिनार्नोआ व मार्सलां. यांतील मार्सलां ही कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ग्रनाश यांची संतती आहे. म्हणजे दक्षिणेचे जे रक्त व्यापारी एके काळी पिंपात ओतत असत, ते आता वेलीतूनच, नोंद होऊन, येते आहे. अट अशी की, नव्या जाती बागेच्या पाच टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर लावता येणार नाहीत आणि जुळवणीत त्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर जाणार नाही.